उसाच्या पड रानात बेवडाचं पीक : खर्चाच्या हिशेबाच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

शेवटचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटलेलं पीक) तुटला की पुढच्या लागणीपर्यंत, म्हणजे नवा ऊस लावेपर्यंत, रान काही महिने मोकळं राहतं. या काळात बेवड म्हणून, म्हणजे दोन उसांच्या मध्ये जमीन सुधारणारं फेरपालटीचं पीक म्हणून, सोयाबीन, भुईमूग, मूग किंवा ताग घ्यावा, की रान तसंच पड ठेवावं? आमच्या ऊस शेतकऱ्यांच्या गटातल्या प्रत्येकाला हा प्रश्न दर फेरपालटीला पडतो आणि उत्तर बहुतेक वेळा बियाण्याच्या भावावरूनच ठरतं. आजपासून त्यासाठी एक तक्ता तयार करायला घेतला आहे. आपल्या शेताचे आकडे घातले की निर्णयाला उपयोगी पडेल असं उत्तर त्यातून निघालं पाहिजे.

पहिली गोष्ट आजच ठरवून टाकली. ‘सोयाबीनला हेक्टरी किती खर्च येतो’ हे हा तक्ता सांगणार नाही. रान पड ठेवण्यापेक्षा सोयाबीन घेतलं तर किती जास्त खर्च येतो आणि किती जास्त मिळतं, एवढंच तो सांगेल. हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांची उत्तरं खूप वेगळी येतात.

७ फेब्रुवारी

पडीचा रकाना आधी भरला. पड म्हणजे फुकट, हा समज इतका पक्का आहे की कुणाच्याही वहीत पडीचा खर्च वेगळा लिहिलेला सापडत नाही. प्रत्यक्षात मोकळ्या रानात तण उगवतंच. लव्हाळा आणि हराळी तर मोकळ्या उन्हात ऐसपैस पसरतात. त्यांच्यासाठी दोन-तीन कुळवाच्या पाळ्या आणि एखाद-दोन फवारण्या होतात, त्याशिवाय लागणीआधीची मशागत असतेच. जोराच्या पावसात उघड्या रानातली माती वाहून जाते. तिची किंमत मी तक्त्यात धरलेली नाही, कारण ती शेताच्या उतारानुसार बदलते. पण टिपेत तिचा उल्लेख ठेवला आहे.

जुनी खोडकी मारण्याचा खर्च, मग तो नांगराने असो वा ग्लायफोसेट या तणनाशकाने, पडीलाही येतो आणि पिकालाही येतो. त्यामुळे तो दोन्हीकडून काढून टाकला.

८ फेब्रुवारी

एकक कोणतं घ्यायचं यावर बराच विचार झाला. पैशात लिहिलं की तक्ता वर्षभरात शिळा होतो. म्हणून सगळं ‘ऊस-टना’त मोजायचं ठरवलं. तोडणी आणि वाहतूक वजा जाता एका टन उसाचे शेतकऱ्याच्या हातात जे पैसे उरतात, ते एक एकक. प्रत्येक खर्चाला त्याने भागायचं. ‘या पिकाला हेक्टरी २२ टन उसाएवढा खर्च येतो’ असं वाक्य उसाच्या शेतकऱ्याला लगेच उमगतं, कारण २२ टन म्हणजे शेतात केवढा ऊस हे त्याला डोळ्यांनी माहीत असतं.

१२ फेब्रुवारी

स्थिर आणि बदलता खर्च वेगळा करण्यात आजचा दिवस गेला. जमिनीचा खंड, ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता, विमा, पाइपलाइन हे सगळं पीक घेतलं तरी आहे आणि नाही घेतलं तरी आहे. हे सोयाबीनच्या माथी मारायचं नाही.

चुन्याचा मुद्दा मात्र जरा अवघड होता. वर्षानुवर्षं अमोनियम स्वरूपाचं नत्र घातलेल्या उसाच्या जमिनी बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी होतात. सामू (pH) ५.५ च्या खाली गेला की सोयाबीनच्या मुळांवर हवेतलं नत्र घेणाऱ्या गाठी नीट धरत नाहीत, त्यामुळे अशा रानात पिकाआधी चुना घालावा लागतो. पण त्या चुन्याचा फायदा पुढची लागण आणि तिच्यामागचे सगळे खोडवे घेणार. तो पूर्ण खर्च चार महिन्यांच्या पिकावर टाकला तर कुठलंच कडधान्य कधी परवडणार नाही. म्हणून चुना उसाच्या पूर्ण फेऱ्यावर वाटायचा आणि या पिकाच्या वाट्याला त्यातला काळानुसार येणारा भागच लिहायचा. भुईमुगाच्या आऱ्यांसाठी (शेंग धरायला मातीत उतरणाऱ्या दांड्यांसाठी) घातलेलं जिप्सम मात्र भुईमुगाच्याच खात्यात.

१५ फेब्रुवारी

घरच्या ट्रॅक्टरचं काय धरायचं? हप्ता धरायचा नाही हे ठरलंच आहे. पण डिझेल, तेल, टायर, फाळ आणि दुरुस्ती हे तासांप्रमाणे वाढतं, म्हणून ते धरायचं. तास काढायचं सूत्र सोपं आहे : अवजाराची रुंदी मीटरमध्ये, गुणिले वेग किलोमीटर प्रतितास, गुणिले कार्यक्षमता, भागिले १०. पेरणी यंत्र २ मीटर रुंद, वेग ६ आणि बांधावर वळणं, बी भरणं यात जाणारा वेळ धरून कार्यक्षमता ०.७ घेतली, तर तासाला ०.८४ हेक्टर होतं. म्हणजे हेक्टरी साधारण १.२ तास. लहान, वाकड्या तुकड्यात कार्यक्षमता ०.५ पर्यंत उतरते आणि तोच खर्च जवळपास दीडपट होतो. हा रकाना प्रत्येकाने आपल्या शेताच्या आकारावरून भरायचा आहे.

स्वतःची मेहनतही धरायची, असं मी ठामपणे लिहून ठेवलं आहे. तोच माणूस त्या दिवशी दुसरीकडे काय कमावू शकला असता, तो दर लावायचा. त्या दिवसात दुसरं काहीच काम नसेल तर शून्य लिहायलाही हरकत नाही, पण ते विचार करून लिहावं.

१६ फेब्रुवारी

डिझेल : टाकी काठोकाठ भरायची, मोजलेल्या तुकड्यावर काम करायचं, परत काठोकाठ भरायची. किती लिटर बसलं तेवढं लागलं. अंदाजे आकड्यांपेक्षा हे कधीही बरं.

२० फेब्रुवारी

बियाणं. ‘हेक्टरी इतके किलो’ असा एकच आकडा लिहिण्याऐवजी झाडांच्या संख्येवरून हिशेब मांडला. हेक्टरी साडेतीन लाख झाडं हवीत, एका किलोत ७,००० दाणे आहेत, उगवण ८५ टक्के आहे आणि उगवलेल्यांपैकी शेतात ८५ टक्के टिकतात असं धरलं, तर सुमारे ६९ किलो बी लागतं. उगवण ७० टक्क्यांवर आली तर तेच ८४ किलो होतं. सोयाबीनच्या बियाचं टरफल नाजूक असतं. मळणीत आणि पोती आपटताना त्याला मार बसतो आणि उगवणशक्ती झपाट्याने घटते. म्हणून पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे उगवून बघायचे आणि तो आकडा तक्त्यात घालायचा. स्वस्त बी महाग पडतं की नाही, हे तिथेच दिसतं.

जिवाणू संवर्धनाचा (पेरणीआधी बियाला चोळायच्या, गाठी करणाऱ्या जिवाणूंचा) खर्च इतका किरकोळ आहे की तक्त्यात तो जवळजवळ दिसतही नाही, पण तो सोडून चालणार नाही. बरीच वर्षं फक्त ऊसच असलेल्या रानात सोयाबीनच्या गाठी करणारा ब्रॅडीरायझोबियम बहुधा नसतोच. चवळी, मूग, ताग यांना लागणारे जिवाणू उष्ण प्रदेशातल्या मातीत सहसा आधीच असतात. सोयाबीनचं तसं नाही. बीजप्रक्रिया चुकली तर पीक पिवळं पडतं, त्याला युरिया द्यावा लागतो आणि बेवड म्हणून त्याचा निम्मा अर्थच जातो.

२४ फेब्रुवारी

वेळेचा रकाना. लागणीच्या तारखेपासून उलटं मोजायचं. मशागतीचे दिवस वजा, पिकाचे दिवस वजा, खोडकी मारून कुजायला लागणारे दिवस वजा. उरलेली तारीख म्हणजे शेवटच्या खोडव्याची तोड व्हायलाच हवी ती तारीख. हिरवळीसाठी ताग ४५ ते ६० दिवसांत गाडता येतो, मूग ६० ते ७० दिवसांत निघतो, सोयाबीनला ९५ ते १२० दिवस लागतात. भुईमूग त्याहून थोडा लांबतो. सोयाबीन दिवसाच्या लांबीला फार संवेदनशील आहे. उशिरा पेरलं की झाड लहान असतानाच फुलावर येतं आणि उतारा घटतो. त्यामुळे ‘आठ दिवस पुढे-मागे’ हे या पिकात महाग पडू शकतं.

आणखी एक गोष्ट इथेच विचारून घ्यायची : शेवटच्या खोडव्यात कोणतं तणनाशक मारलं होतं? अॅट्राझिन, डाययुरॉन, हेक्झाझिनोन यांचा अंश मातीत महिनोनमहिने राहू शकतो आणि कडधान्याची रोपं जळतात. लेबलवर पुढच्या पिकापर्यंतचं अंतर दिलेलं असतं. म्हणजे बेवडाचं नियोजन शेवटच्या खोडव्याच्या तणनाशकापासूनच सुरू व्हायला हवं. तक्त्यात हा प्रश्न पहिल्याच ओळीत नेला.

१ मार्च

नत्राचा हिशेब. यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

‘सोयाबीन नत्र देतं’ हे वाक्य अर्धं खरं आहे. दाण्यात साधारण ६ टक्के नत्र असतं. हेक्टरी अडीच टन दाणे शेतातून उचलले की त्यांच्याबरोबर सुमारे १५० किलो नत्रही जातं. पिकाने घेतलेल्या नत्रापैकी हवेतून आलेला वाटा सरासरी निम्म्याच्या थोडा वर असतो, बाकीचं मातीतलंच असतं. म्हणजे दाणे काढून नेले की जमिनीच्या नत्राची शिल्लक जवळपास जिथल्या तिथे राहते, कधी थोडी खालीही जाते. काड, पाला आणि मुळं शेतातच राहिली तर पुढच्या उसाला त्याचा काही उपयोग होतो, पण तो माफक.

हिरवळ म्हणून गाडलं तर चित्र वेगळं. हेक्टरी ५ टन कोरडा पाला आणि त्यात अडीच ते तीन टक्के नत्र, म्हणजे १२५ ते १५० किलो सगळंच्या सगळं रानात. पण तेही सगळं उसाच्या तोंडी लागत नाही. कोवळा पाला लवकर कुजतो. गाडण्यात आणि लागणीत मोठा खंड पडला आणि मध्ये पाऊस झाला, तर नायट्रेट खाली झिरपून जातं. म्हणून तक्त्यात दोन रकाने केले : पिकात एकूण नत्र किती, आणि त्यापैकी लागणीच्या खतात आपण खरोखर किती कमी करणार. पैसा दुसऱ्या रकान्यातच वाचतो. ६० किलो नत्र कमी केलं तर १३० किलो युरिया वाचला. नत्र आहे म्हणायचं आणि युरियाच्या गोण्या तेवढ्याच टाकायच्या, तर या रकान्यात शून्य लिहायचं.

६ मार्च

बेवडाचा उसाला होणारा फायदा. हा आकडा मांडल्याशिवाय तक्ता अपुरा आहे आणि फुगवून मांडला तर तक्ता खोटा आहे.

याबाबतीत ऑस्ट्रेलियातलं काम सगळ्यात पायाभूत आहे. एकाच रानात उसामागून ऊस घेत राहिल्याने उतारा का घटतो हे शोधण्यासाठी तिथे १९९३ मध्ये ‘शुगर यील्ड डिक्लाइन जॉइंट व्हेंचर’ हा संयुक्त प्रकल्प सुरू झाला. मातीचं धुरीकरण करून त्यातले जीव मारले की उसाचा जोम परत येतो, हे त्यांच्या चाचण्यांत दिसलं. म्हणजे दुखणं बऱ्याच अंशी जैविक होतं : मुळं कुजवणारी पॅकिमेट्रा बुरशी, मुळांना जखमा करणारे प्रॅटिलेंकस सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म कृमी) आणि त्यांच्या जोडीला आणखी बरंच काही. उसाची साखळी तोडली, मध्ये कडधान्य किंवा दुसरं पीक घेतलं, की पुढच्या उसात १५ ते २५ टक्क्यांच्या आसपास वाढ दिसली. ही वाढ मुख्यतः फुटव्यांच्या आणि गाळपयोग्य उसांच्या संख्येतून आली. त्याच कामातून दुसरंही दुखणं पुढे आलं : १.५ मीटरच्या सऱ्या आणि दोन चाकांत १.८ मीटरच्या आसपास अंतर असलेली यंत्रं, यांचा मेळ बसत नाही. चाकं खोडव्याच्या अंगावर चढतात आणि माती दाबली जाते. पड काळ हीच सऱ्यांची रुंदी बदलायची संधी असते. पण तो खर्च बेवडाच्या खात्यात घालायचा नाही.

आमच्या तक्त्यात लागणीला १० टक्के, पहिल्या खोडव्याला ५ टक्के आणि नंतर शून्य, एवढंच धरलं आहे. मुद्दाम हात राखून. शिवाय हा ऊस आज मिळत नाही, म्हणून त्यावर व्याज कापायचं. लागण ९० टन धरली तर वाढ ९ टन, खोडवा ८० धरला तर वाढ ४ टन. दर साल १० टक्के दराने, पहिली दोन वर्षांनी आणि दुसरी तीन वर्षांनी हातात येते असं धरलं, तर आजच्या हिशेबात ७.४ आणि ३ टन. मिळून १०.४ ऊस-टन.

सूत्रकृमींबद्दल एक सावधगिरीची टीप : कुठलंही कडधान्य चालेल असं नाही. मुळांवर रोगाच्या गाठी करणारे मेलॉइडोगायनी सूत्रकृमी रानात असतील तर सोयाबीन आणि चवळीच्या अनेक जाती त्यांना पोसतात. ताग त्यांना थारा देत नाही. मातीची तपासणी हा छोटा खर्च आहे. तो तक्त्यात सक्तीचा केला.

९ मार्च

ब्राझीलमधली ‘मेइओसी’ पद्धत टिपून ठेवली. उसाच्या काही मातृ-ओळी आधी लावतात, मधल्या पट्ट्यांत सोयाबीन किंवा भुईमूग घेतात आणि ते निघालं की मातृ-ओळींतलंच बेणं शेजारच्या पट्ट्यांत लावतात. पीकही मिळतं आणि बेण्याची वाहतूकही वाचते. साओ पाउलो राज्यात भुईमूग मोठ्या प्रमाणावर ऊस नव्याने लावायच्या रानातच घेतला जातो. ही पद्धत तक्त्यात बसवायला वेगळं पान लागेल. आत्ता नाही.

१३ मार्च

पहिला पूर्ण नमुना चालवला. आकडे फक्त उदाहरणाचे, सगळे हेक्टरी ऊस-टनात.

पड : कुळवाच्या पाळ्या ३, फवारणी २, लागणीची मशागत ४. एकूण ९.

ताग : बी ३, पेरणी १, पाणी १, कापून पसरणं १, मशागत ४. एकूण १०.

सोयाबीन : बी आणि संवर्धन ४, खत २, पेरणी १, तणनियंत्रण ३, कीड-रोग २, पाणी २, कापणी-मळणी ३, वाळवण-वाहतूक १, मशागत ४. एकूण २२.

ताग पडीपेक्षा फक्त १ टनाने महाग! दाट ताग तण दाबतो, त्यामुळे पाळ्या आणि फवारणी वाचते. हा आकडा बघितल्यावर गटातल्या लोकांची पडीबद्दलची समजूत बदलेल, अशी मला खात्री वाटते.

सोयाबीन पडीपेक्षा १३ ने महाग. १ टन सोयाबीन म्हणजे १२ टन ऊस असा भाव धरला तर १.०८ टन उताऱ्याला हा जादा खर्च निघतो. सोयाबीनमुळे लागण तीन आठवडे लांबली आणि आठवड्याला एक टक्का ऊस घटला असं धरलं तर २.७ टन, आजच्या हिशेबात २.२. ते धरून उतारा १.२७ टन लागतो. आणि बेवडाचे १०.४ टन जमेला घेतले तर फक्त ०.४ टन.

पण खरी तुलना पडीशी नाही. बेवडाचा फायदा तागानेही मिळतो, तो दोन्हीकडे सारखाच धरला आहे. मग सोयाबीनने तागावर मात करायची तर जादा खर्च १२, उशीर २.२, आणि तागामुळे वाचणारं पण सोयाबीनने न वाचणारं नत्र २, असे १६.२ टन भरून काढायला हवेत. म्हणजे १.३५ टन दाणे. ज्या रानात त्याहून जास्त उताऱ्याची खात्रीशीर आशा आहे तिथे सोयाबीन, नाहीतर ताग.

१५ मार्च

दोन दिवस याच आकड्याचा विचार चालू होता. १.३५ टन हा पेरणीआधीचा उंबरठा आहे. पीक शेंगा भरण्याच्या अवस्थेत आल्यावर तो बदलतो, कारण बहुतेक खर्च तोवर होऊन गेलेला असतो आणि तो परत येणार नाही. त्या वेळी पुढे फक्त शेवटची फवारणी १, कापणी-मळणी ३, वाळवण-वाहतूक १ असे ५ उरतात. गाडलं असतं तर कापून पसरायला १ लागला असता, तो वजा. उशिराचे २.२ आणि नत्राचे २ मिळवले की ८.२. म्हणजे ०.६८ टन दाणे मिळणार असतील तरी काढणी करणंच योग्य, त्याहून कमी दिसत असेल तर हिरवंच गाडावं.

यासाठी तक्त्यात दुसरं बटण केलं : ‘आता उभ्या पिकाचं काय करू?’ माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत उपयोगी पान हेच आहे. उभं पीक बघून माणसाचं मन गुंततं. झालेला खर्च डोळ्यांपुढे येतो आणि अर्ध्या टनासाठी लागण महिनाभर लांबवली जाते.

२१ मार्च

गटाची बैठक. एका काकांनी विचारलं, “अहो, पण भाव पडला तर?” रास्त प्रश्न. त्यांच्यासमोरच आकडे बदलले. तागाच्या तुलनेत, भाव १२ आणि उतारा २.५ टन असेल तर सोयाबीन १३.८ टनांनी पुढे. भाव ९ वर आला तरी ६.३ ने पुढे. भाव १२ च राहिला पण उतारा १.५ वर आला तर जेमतेम १.८. दोन्ही पडले, भाव ९ आणि उतारा १.५, तर २.७ टनांनी मागे. म्हणजे इथे भावापेक्षा उताऱ्याचा धोका मोठा, आणि उतारा बराचसा वेळेवरच्या पेरणीवर आणि पाण्याच्या निचऱ्यावर अवलंबून. सरीत पाणी तुंबणाऱ्या रानात वरंब्यावर पेरणी, एवढा बदल करायला तिघे जण तयार झाले.

दुसऱ्या एका ताईंनी जो मुद्दा काढला तो माझ्या तक्त्यात नव्हता : सोयाबीनचे पैसे नेमके लागणीच्या तोंडावर येतात, बेणं आणि खत घ्यायचं असतं तेव्हा. बेवडाचा फायदा मात्र ऊस गाळपाला गेल्यावर. ज्याला लागणीसाठी कर्ज काढावं लागतं त्याच्यासाठी आधी आलेल्या पैशाचं वाचलेलं व्याज हेही उत्पन्नच आहे. महिनावार रोखीचं पान जोडलं.

२६ मार्च

दाण्याचं वजन ओलाव्याप्रमाणे दुरुस्त करायची ओळ घातली. १८ टक्के ओलाव्याचे २.५ टन म्हणजे १३ टक्क्यांना २.३६ टनच. उंबरठ्यांशी तुलना दुरुस्त वजनानेच करायची.

२ एप्रिल

१० टक्के वाढ हा आकडा आम्ही बाहेरून आणलेला आहे. तो आमच्या रानांतून आला पाहिजे. तिघांनी पट्टे सोडायचं कबूल केलं : त्याच शेतात एक पट्टा पड, एक ताग, एक सोयाबीन, आणि शक्य तिथे हे तिन्ही पुन्हा एकदा दुसऱ्या बाजूला. पट्ट्याची रुंदी किमान सहा सऱ्या, म्हणजे कडेच्या सऱ्या सोडून मधल्या चार तोलता येतील. लागणीपासून तिन्ही पट्ट्यांना पाणी सारखंच. नत्र मात्र तागाच्या पट्ट्यात ठरल्याप्रमाणे कमी, आणि त्यातच एक छोटा तुकडा पूर्ण नत्राचा, म्हणजे नत्राचा परिणाम आणि बेवडाचा परिणाम वेगळे दिसतील. लागणीनंतर फुटव्यांची मोजणी, तोडीला प्रत्येक पट्ट्याचं वेगळं वजन, आणि पहिल्या खोडव्यालाही तेच. गाडी भरताना पट्टे मिसळले तर सगळं वाया जाईल, म्हणून तोडणीच्या दिवशी प्रत्येक बांधावर गटातलं एक माणूस उभं राहील. नावं आजच लिहून घेतली.